पावणेदोनचा हिशेब

इंदुरात आमचे घर पाच पिढ्यांचे. तरीही लग्नकार्यात कुणी 'मूळचे कुठले?' असे विचारले, की आमचे वडील साताऱ्याकडील एका खेड्याचे नाव घेत. तेथे आता आमची ना जमीन, ना कुणी ओळखीचे. पण पत्ता म्हणून ते नाव चालून जाई. आमच्या व्यवसायात मात्र चुकीचा पत्ता चालत नाही. एका कंपनीसाठी प्रोसेसरची माहितीपुस्तके आम्ही पुष्कळ वर्षे लिहीत आलो आहोत. त्यांतील एका वाक्याची ही हकिगत.

प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरविताना, कोणती वस्तू स्मृतीत अखेर कुठे बसणार हे कंपायलरला ठाऊक नसते. म्हणून तो पत्त्याची जागा कोरी ठेवतो आणि सोबत चिठ्ठी जोडतो: येथे अमक्याचा पत्ता तमक्या रीतीने भरावा. या चिठ्ठीस 'रिलोकेशन' म्हणतात. पुढे सगळे तुकडे जोडणारा लिंकर चिठ्ठ्या वाचून जागा भरतो.

बर्कली येथील विद्यापीठात २०१० साली सुरू झालेल्या 'रिस्क-फाइव्ह' या रचनेत ३२ बिटांचा पत्ता एका आज्ञेत मावत नाही. पहिली आज्ञा वरचे २० बिट भरते, दुसरी खालचे १२ बिट त्यांत मिळविते. आम्ही लिहिले होते, 'पहिल्या आज्ञेत पत्त्याचे वरचे २० बिट जसेच्या तसे भरावेत.' वाक्य सुटसुटीत होते. खरे सांगायचे तर आम्हांस ते आवडलेही होते.

ते चूक होते. दुसऱ्या आज्ञेतील १२ बिट यंत्र उणे २०४८ ते अधिक २०४७ असे वाचते. पत्ता ७००० असेल, तर त्यात ४०९६ एकदा आणि वर २९०४. पण २९०४ हा आकडा २०४७ हून मोठा. यंत्र त्याला उणे ११९२ समजते, आणि बेरीज ७००० ऐवजी २९०४ येते. खरी रीत अशी, की आधी पत्त्यात २०४८ मिळवावेत आणि मग वरचे बिट घ्यावेत. म्हणजे ४०९६ दोनदा धरले जातात, ८१९२ होतात, त्यांतून ११९२ वजा जाऊन बरोबर ७००० उरतात. आमच्या आजीला हे समजावावे लागले नसते. पावणेदोन म्हणताना आपण दोन धरतो आणि पाव काढून घेतो, एकोणीसही तसेच. दिवेलागणीला पाऊणकी घोकलेल्या माणसाने हे वाक्य लिहावे!

पत्ता ६००० असता तर आमच्या वाक्यानेही उत्तर बरोबर आले असते. निम्मे पत्ते असे निभावून जातात, म्हणूनच ती चूक चार वर्षे कुणाच्या लक्षात आली नाही.

दूरच्या एका शाखेत एक तरुण अभियंता स्वतः लिंकर लिहीत होती. आमच्या पुस्तकावर विसंबून तिने सहा आठवडे स्वतःच्या कामात दोष शोधला. तेवढ्यात वरिष्ठांचे मत बनले, की हे काम हिला झेपत नाही. ते दुसऱ्याकडे गेले. तिने मात्र नाद सोडला नाही. प्रचलित लिंकरने भरलेल्या जागा एकेक उलगडून आमच्या नियमाशी ताडून पाहिल्या आणि आम्हांस पत्र लिहिले. आरंभी होते, 'कदाचित माझ्याच समजुतीत चूक असेल.' हे वाक्य आम्हांस फार लागले.

तरीही आमचा पहिला मसुदा 'अधिक स्पष्टतेसाठी' या शब्दांनी सुरू झाला. आमच्या धंद्यात चुकीला स्पष्टीकरणाचे पांघरूण घालण्याची जुनी सवय आहे. रात्री तो मसुदा पुन्हा वाचला आणि फाडला. सकाळी लिहिले, 'मागील आवृत्तीतील हे विधान चुकीचे होते,' आणि खाली ७००० चे उदाहरण दिले. ग्राहकांचा विश्वास उडेल, असे कार्यालयात बजावण्यात आले. पुष्कळ वाद झाला, पण वाक्य राहिले. त्याच ओघात शेजारचा परिच्छेदही तपासला. चालू आज्ञेपासून अंतर मोजण्याच्या प्रकारात खालच्या १२ बिटांची चिठ्ठी मूळ वस्तूकडे नव्हे, तर आधीच्या आज्ञेकडे बोट दाखविते. तेही आम्ही उलट लिहिले होते.

तिच्या वरिष्ठांना आम्ही वेगळे पत्र धाडले, की दोष पुस्तकाचा होता आणि पुस्तक आमचे. दोन ओळींचे उत्तर आले: दुरुस्ती मिळाली, आभार. तिचे काम तिला परत दिले की नाही, याविषयी त्यात अक्षर नव्हते. आम्ही पुन्हा लिहिले आहे.