अंतूरचा बेत

भाऊबीजेला पिशोरला बहिणीकडे गेलो, की फराळाच्या ताटाबरोबर अंतूर किल्ल्याचा बेत निघायचाच. किल्ला गावाच्या उत्तरेला, सातमाळ्याच्या रांगेत. नागापूरकडून पठारावरची वाट बेताची. भाच्याला मात्र खानदेशच्या अंगाने, रानातून उभी चढण हवी होती. खरं सांगायचं तर मलाही.

"पुन्हा?" ही एवढंच म्हणाली.

चार वर्षांपूर्वी एका घाटात मी हिला आणि धाकट्याला घेऊन अंधारात वाट चुकलो होतो. पोर रात्रभर माझं बोट घट्ट धरून कातळावर बसून होतं. त्या रात्रीबद्दल घरात कोणी बोलत नाही; निदान माझ्यासमोर.

मग कागद-पेन्सिल घेऊन बेत नव्याने मांडला. हे रान १९८६ पासून गौताळा अभयारण्यात आहे. तेव्हा आधी वनखात्याची परवानगी. पाणी माणशी तीन लिटर. कार्तिकात पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि दरीत काळोख त्याच्याही आधी उतरतो. किल्ल्याच्या दक्षिणेला निजामशाहीतला एक दगडी खांब आहे. दौलताबाद, चाळीसगाव, बऱ्हाणपूरच्या वाटा त्यावर फारसीत कोरल्या आहेत. म्हणजे तेव्हाही माणसं चुकतच असणार!

शेवटी लिहिलं : 'एक वाजेपर्यंत किल्ल्याच्या खंदकाशी न पोचल्यास, असू तिथून परत.'

हिने पेन्सिल घेतली, एकाचे साडेबारा केले, आणि माझं घड्याळ काढून धाकट्याच्या मनगटावर बांधलं.