हैतीतले स्वातंत्र्याचे सूप

१ जानेवारीच्या सकाळी हैतीतल्या गल्लीबोळांतून एकच वास दरवळत असतो : शिजलेल्या भोपळ्याचा, मांसाचा आणि लवंगेचा. घर बंगलेवाल्याचे असो की पत्र्याच्या छपराचे, त्या दिवशी चुलीवर चढते ते ‘सूप जुमू’. जुमू म्हणजे भोपळा, आपल्या लाल भोपळ्याचाच भाऊबंद. नववर्षाचा हा पहिला दिवस हैतीचा स्वातंत्र्यदिनही आहे.

कॅरिबियन समुद्रातला हा देश फ्रेंच अमलात सँ-दोमँग या नावाने ओळखला जाई. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांमुळे ही वसाहत अतिशय श्रीमंत झाली होती. मळ्यांत राबत होते ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. भोपळा त्यांनी पिकवायचा, सूपही त्यांनीच रांधायचे, पण ते चाखायचे मात्र मालकांनी, असे हैतीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

१७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. बारा-तेरा वर्षांच्या लढाईनंतर १ जानेवारी १८०४ रोजी जाँ-जाक देसालीन यांनी गोनाईव्ह या गावी स्वातंत्र्य जाहीर केले. त्या दिवशी त्यांची पत्नी मारी-क्लेअर हिने हेच सूप सर्वांना वाटले, अशी आठवण हैतीचे लोक सांगतात. काल जे तोंडाला लागू दिले जात नव्हते, ते आज वाडगा भरून!

तयारी आदल्या रात्रीपासून

सुपात गाईचे मांस असते. आदल्या दिवशी ते लिंबू लावून धुतात. लसूण, कांद्याची पात, पार्सली, थाईम आणि मिरची यांचे वाटण त्याला चोळून ते रात्रभर मुरवतात. सकाळी ते हाडांसह मंद आचेवर मऊ शिजवतात. मांसाइतकाच किंवा थोडा अधिक भोपळा वेगळा उकडून, घोटून त्या रश्श्यात मिसळला की सूप दाट आणि केशरी होते. मग गाजर, बटाटा, कोबी, सलगम आणि सेलरी यांचे मोठे तुकडे पडतात. भाज्या शिजत आल्या की मॅकरोनी किंवा शेवया.

खरी कसोटी मिरचीची. गोलसर, जहाल तिखट मिरची अख्खीच सुपावर तरंगत ठेवतात. तिचा सुगंध उतरला पाहिजे, पण ती फुटता कामा नये. फुटली तर सारे पातेले तिखटजाळ! शेवटी थोडे लोणी, लिंबाचा रस आणि सोबत पाव.

पातेले नेहमी मोठेच असते. शेजाऱ्यांकडे वाडगे जातात, त्यांच्याकडचे वाडगे येतात. त्या दिवशी कोणी सुपावाचून राहू नये, असा रिवाज आहे.

स्वातंत्र्याची किंमत

हे स्वातंत्र्य हैतीला महाग पडले. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. ही मळेवाल्यांची नुकसानभरपाई! म्हणजे जे गुलाम म्हणून राबले, त्यांनीच मालकांचे नुकसान भरून द्यायचे. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यापायी काढलेल्या कर्जाचे ओझे १९४७ पर्यंत पुरले.

२०२१ हे वर्षही असेच कठीण गेले. जुलैत राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईज यांची हत्या झाली, ऑगस्टमध्ये भूकंपाने दोन हजारांहून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युनेस्कोने सूप जुमूला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या यादीतली हैतीची ही पहिलीच नोंद.

राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या वर केन्स्कॉफचे थंड हवेचे डोंगर आहेत. कोबी, गाजर, पात तिथे पिकते आणि ‘मादान सारा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यापारी बायका असा माल बाजारात उतरवतात. २०२५ च्या जानेवारीअखेर सशस्त्र टोळ्यांनी या डोंगरांवरही हल्ले केले. देशात दहा लाखांहून अधिक माणसे घरादाराला मुकली आहेत.

तरीही १ जानेवारी आली की मायामी आणि मॉन्ट्रियलमध्ये स्थायिक झालेल्या हैतीवासीयांच्या घरी भोपळा चिरला जातो. मायदेशी ज्याला जमेल तो पातेले चढवतो. मांस मिळाले नाही तर नुसत्या भाज्यांचे सूप होते, पण भोपळा मात्र हवाच. तो एकेकाळी त्यांनी पिकवला होता आणि त्यांच्याच वाट्याला येत नव्हता.