जिथं पाहायला जायचं, तिथं कुणीतरी राहतं

परदेशात फिरायला जायचं म्हटलं की आपल्याकडच्या मुस्लिम घरांत पहिलं नाव निघतं दुबईचं, त्यानंतर इस्तंबूलचं. उमरा हा वेगळा प्रवास, त्याला कुणी सहल म्हणत नाही. दोन वर्षं भिशीचे पैसे साठवल्यावर मी घरात केप टाऊनचं नाव काढलं, तेव्हा मुलांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न होता : आफ्रिकेत कशाला?

शहर सुंदर आहे, यात वाद नाही. एका बाजूला अटलांटिक महासागर आणि पाठीशी टेबल माउंटन, उंची सुमारे 1085 मीटर. आपला विसापूर समुद्रसपाटीपासून साधारण तेवढाच उंच आणि माथ्यावर तसाच सपाट. पण विसापूरच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत बरीचशी उंची घाटानंच चढून झालेली असते. तिथं मात्र डोंगर समुद्राशेजारीच उभा आहे.

पण नुसता डोंगर पाहायला मावळातल्या माणसानं एवढ्या लांब कशाला जावं? मला ओढ आहे ती बो-काप या जुन्या मुस्लिम मोहल्ल्याची. 1652 मध्ये डच कंपनीनं केपला ठाणं वसवलं आणि पुढं इंडोनेशिया, श्रीलंका, मादागास्कर, एवढंच काय, आपल्या बंगाल-मलबारातूनही माणसं गुलाम करून तिथं नेली. राजकीय कैदीही पाठवले. त्यांतले एक तिदोर बेटाचे इमाम अब्दुल्ला, लोकांचे 'तुआन गुरू'. रॉबेन बेटावर कैदेत असताना त्यांनी आठवणीतून कुरआन लिहून काढला. बो-कापमधली अव्वल मशीद 1794 ची, दक्षिण आफ्रिकेतली पहिली, आणि तिचे पहिले इमाम तेच.

पुढं तिथल्या मदरशांत मुलं आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहू लागली. अबू बक्र अफंदी यांचं 'बयान अल-दीन' हे असंच पुस्तक 1877 मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या बाईला याहून मोठं आकर्षण कुठलं? घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि पाटीवर तिसरीच लिपी, हे तर माझ्या वर्गातलं रोजचं चित्र. त्या मोहल्ल्यात ईदला आजही 'लबारंग' म्हणतात. हा शब्द त्यांच्या पूर्वजांच्या बेटांवरून आलेला.

शिवाय केप टाऊनमध्ये आपलीही माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान पोटापाण्यासाठी तिथं गेले आणि स्थायिक झाले. त्यांच्या पतवंडांच्या तोंडी कोकणीचे किती शब्द उरलेत, ते मला ऐकायचं आहे.

आता माझ्या खऱ्या काळजीचं सांगते. बो-कापची घरं पिवळी, गुलाबी, निळी, हिरवी आहेत. फोटोसाठी बस भरभरून लोक येतात आणि थेट लोकांच्या दारात, पायऱ्यांवर उभे राहतात. श्रीमंत गिऱ्हाइकं घरं घेऊ लागली तशा किमती चढल्या, जुन्या कुटुंबांना राहणं जड झालं. 2018 मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले. त्यांची भीती उगाच नाही. जवळच्या डिस्ट्रिक्ट सिक्सला वर्णद्वेषी सरकारनं 1966 मध्ये 'गोऱ्यांची वस्ती' जाहीर केलं, साठ हजारांहून अधिक माणसांना हुसकावलं आणि घरांवर बुलडोझर फिरवले. त्या वेळी वाचलेलं बो-काप आता पैशानं रिकामं होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मावळात राहणाऱ्याला विचारा. लोणावळ्याकडचा रस्ता तुंबतो, दवाखान्यात जाणारी गाडी अडकते, शेताच्या बांधावर बाटल्या पडतात. 15 जून 2025 ला, रविवारीच, कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला आणि चार जीव गेले. येणाऱ्यासाठी तो 'स्पॉट' असतो, राहणाऱ्यासाठी गाव. वर्षभर हे सोसणाऱ्यानं दुसऱ्याच्या मोहल्ल्यात जाऊन तेच करावं का?

म्हणून आमची आखणी अशी आहे. जायचं दिवाळीच्या सुट्टीत, कारण मेपासून ऑगस्टपर्यंत तिकडं थंडी आणि पाऊस, तर ऑक्टोबरात वसंत. विमान आफ्रिकेतल्या ज्या शहरात बदलायचं, त्यावरून पीतज्वराची लस लागेल का ते आधी पाहायचं. लागलीच तर ती निदान दहा दिवस आधी घ्यायची. टेबल माउंटनसाठी एक दिवस ठरवायचा नाही, कारण वारा सुटला की तिथला रोपवे बंद ठेवतात. ज्या सकाळी आभाळ मोकळं दिसेल तेव्हा निघायचं. पाणी जपून वापरायचं. 2018 च्या दुष्काळात या शहरानं माणशी दिवसाला पन्नास लिटरवर दिवस काढलेत.

आणि बो-कापमध्ये पायी हिंडायचं, मोहल्ल्यातलाच वाटाड्या घ्यायचा, जेवायचं तिथल्याच बायकांच्या हातचं. जुम्माची नमाज अव्वल मशिदीत. कुणाच्या दारात फोटो काढायचा असेल, तर आधी सलाम करायचा, मग विचारायचं. नाही म्हणाले, तर फोन पर्समध्ये.