मालकीच्या आधी माग

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला बर्मंडसीचा जुन्या वस्तूंचा बाजार शुक्रवारी पहाटेच भरतो. पुरतं उजाडण्याआधी विजेरीच्या झोतात चांदीचे चमचे, पितळी होकायंत्रं, तडा गेलेल्या बशा पारखल्या जातात. या बाजाराला एके काळी मध्ययुगापासून चालत आलेल्या एका नियमाचं छत्र होतं. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, उघड बाजारात, निर्मळ मनाने घेतलेली वस्तू पुढे चोरीची निघाली, तरी मालकी घेणाऱ्याचीच राही. संसदेने हा नियम १९९४ च्या कायद्याने मोडीत काढला. पैसे मोजल्याने वस्तूचा भूतकाळ पुसला जात नाही, हे कायद्याला पटायला इतकी शतकं लागली. परदेशात जुन्या वस्तू धुंडाळणाऱ्याने मात्र हे तत्त्व आपणहून पाळावं, असं मला वाटतं. या छंदाचं सुख वस्तू घरी आणण्यात थोडं आणि ती वाचण्यात फार आहे. म्हणूनच जिचा माग लागत नाही, ती वस्तू कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

वाचणं म्हणजे काय, ते चांदीचा एक साधा इंग्लिश चमचा शिकवतो. त्याच्या दांडीमागे नखाएवढ्या जागेत ठसे असतात. पाऊल उचललेला सिंह सांगतो की चांदी साडेब्याण्णव टक्के शुद्ध आहे; बिबट्याचं मुंडकं सांगतं की तिची पारख लंडनमध्ये झाली. एका अक्षरावरून साल कळतं, आणि ही पद्धत १४७८ पासूनची आहे. चिनी मातीच्या बशीखाली शंकरपाळ्याच्या आकाराची खूण दिसली, तर तो नमुना १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेला असतो. खुणेतल्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून नोंदणीचा दिवससुद्धा काढता येतो. खोटे ठसेही मारले जातात, पण ते ओळखायला शिकणं हाही वाचनाचाच भाग. असा चमचा हातात घेतला की कुणाची तरी कारागिरी, कुणाची तरी पारख आणि एक विशिष्ट वर्ष एकदम जिवंत होतं. तो विकत न घेताही हा आनंद मिळतो.

माग पुसल्यावर काय हरवतं, ते कंबोडियातल्या कोह केरने दाखवलं. तिथल्या प्रासात चेन या दहाव्या शतकातल्या मंदिरात भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध दगडात उभं होतं. यादवीच्या काळात चोरांनी या मूर्ती पायांतून तोडून नेल्या. दुर्योधन १९७५ साली लंडनमध्ये विकला गेला आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पुन्हा विक्रीला आला. मंदिरातल्या चौथऱ्यावर त्याची पावलं मात्र तशीच राहिली होती, आणि त्यांनीच साक्ष दिली. २०१४ मध्ये तो मायदेशी परतला. संग्राहकाच्या दालनात तो एक सुंदर पुतळा होता. कोह केरला तो महाभारतातला एक क्षण होता. समोर भीम नसेल, तर त्याच्या पवित्र्याला अर्थ उरत नाही. महाभारत ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे नुकसान वेगळं समजावून सांगायला नको.

यावर कुणी म्हणेल, आपण नाही घेतली तर दुसरा घेईल. घेईलही, पण चोर खणतो तो गिऱ्हाईक आहे या भरवशावर, आणि त्या भरवशात भर घालायची की नाही, एवढं आपल्या हातात असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संग्राहक नसते तर कितीतरी वस्तू मोडीत गेल्या असत्या. हे खरंच आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या जमवल्या नसत्या, तर आपल्या घरगुती कारागिरीचं केवढं दालन रितं राहिलं असतं! पण टाकून दिली जाणारी वस्तू वाचवणं वेगळं आणि पूजेतली, थडग्यातली, भिंतीतली वस्तू उपटणं वेगळं. पहिल्याने आठवण टिकते, दुसऱ्याने तुटते. या दोहोंतला फरक मागाशिवाय कळत नाही. भारताने १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती खासगी व्यक्तींनी देशाबाहेर नेण्यास मनाई केली. आपल्या मूर्ती परदेशात दिसल्या की आपण हळहळतो. मग बँकॉकच्या दुकानातल्या धडाविना बुद्धमस्तकापुढेही तोच निकष लावायला हवा. ही वस्तू कुठून आली, केव्हा आली, कुणाकुणाच्या हातांतून आली, हे विचारावं आणि विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. उत्तर मिळालं तर वस्तू दुप्पट आपली होते. मिळालं नाही, तर ती सोडून देणं हीच तिच्यावरची खरी माया.