मोत्याचे पाणी

सोन्याला कस असतो, हिऱ्याला पैलू असतात आणि मोत्याला पाणी असते. शब्दार्थाचा विस्तार शिकवताना आम्ही दोघी बहिणी (दोघी मराठीच्याच प्राध्यापिका, गावे तेवढी वेगळी) हे उदाहरण वर्षानुवर्षे देत आलो. पाणी म्हणजे तेज. पुढे माणसातला बाणेदारपणा. मग 'पाणीदार' हे विशेषण. हे पाणी लाक्षणिक आहे, असेही आम्ही फळ्यावर लिहून मोकळ्या झालो होतो. गेल्या वर्षी थोरलीच्या मुलीचे लग्न ठरले, आईचे दागिने बँकेच्या लॉकरातून बाहेर आले आणि लक्षणेविषयीची आमची खात्री डळमळली.

दागिने दोनच. एक तन्मणी आणि एक नथ. दोन्ही आजीकडून आईकडे आलेले. १९९१ साली वडील गेले तेव्हा आई एकेचाळीस वर्षांची होती. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या यांचे काय झाले ते आम्हांला लख्ख आठवते, कारण ते चारचौघांसमोर झाले. नथीचे काय झाले ते मात्र आठवत नाही. ती कोणी उतरवली नव्हती. ती फक्त पुन्हा घातली गेली नाही. तन्मण्याला तर कुठल्याच रूढीची आडकाठी नव्हती, पण नथीमागोमाग तोही गेला. दोन्ही कापसात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, लोखंडी कप्प्यात तीसहून अधिक वर्षे राहिले.

पिशवी उघडली तेव्हा तन्मण्याचा रेशमी धागा बोटात तुटला. मोती सतरंजीभर पांगले. नथीतले मोती जागच्या जागी होते, पण पिवळटले होते. दोघांवर तर खडूसारखी कोरडी कळा आली होती आणि एकावर केसाएवढी चीर होती.

आम्ही त्या सगळ्यांना घेऊन जुन्या पेठेतल्या एका वृद्ध सराफांकडे गेलो. त्यांनी दिवा मालवला, मोती पांढऱ्या फडक्यावर घेऊन खिडकीशी नेले आणि हळूच घरंगळवले. मोती नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावा, दुकानातल्या झगझगाटात सगळेच मोती गुणी दिसतात, असे ते म्हणाले. पाहायचे काय? तर मोत्यात खिडकीचे गज किती रेखीव उमटतात ते. गज धूसर दिसले तर पाणी कमी. आकाराच्या वाटोळेपणाला लोक उगीच भुलतात. किंचित वेडावाकडा पण पाणीदार मोती गोल निस्तेज मोत्याहून केव्हाही सरस. दातावर हलकेच घासून पाहण्याची युक्तीही त्यांनी दाखवली: काच किंवा प्लॅस्टिक गुळगुळीत लागते, मोती किंचित खरखरतो. मात्र ही खरखर संवर्धित मोत्यालाही असते. नैसर्गिक कोणता आणि शिंपल्यात मणी घालून वाढवलेला कोणता, हे खात्रीने सांगायला क्ष-किरण लागतात.

"बसऱ्याचेच ना?" आम्ही विचारले. घरात हा शब्द इतका ऐकलेला की तो मोत्यांचा कुळाचारच वाटे. ते हसले. हे मोती बसऱ्यात पिकत नसत. ते इराणच्या आखातातले, बहारीन-कुवेतकडच्या पाणबुड्यांनी श्वास रोखून समुद्रतळावरून आणलेले. मुंबईच्या बाजारात त्यांची निवड होई, त्यांना भोके पाडली जात आणि मग ते जगभर जात. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला; पुढे गोल मोतीही आले, स्वस्त झाले. त्यातच १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि आखातातला तो धंदा बुडाला. तेव्हा आज कोणी 'नवे बसरा मोती' म्हणून काही पुढे केले, तर गिऱ्हाईकाने नम्रपणे उठावे. आमच्या नथीतले मोती जुन्या घाटाचे, बहुधा आखातीच, एवढेच ते म्हणाले. आम्हांला तेवढे पुरे होते.

मग त्यांनी जे सांगितले, त्याने आम्ही गप्प झालो. मोती दगड नाही. शिंपल्यातल्या जिवाने चुन्याच्या अतिसूक्ष्म चकत्या एका सेंद्रिय द्रव्याने सांधून रचलेला तो पदार्थ आहे आणि त्यात दोन ते चार टक्के पाणी असते. खरेखुरे पाणी! हवाबंद, कोरड्या जागी वर्षानुवर्षे ठेवला तर तो सुकतो, तडकतो. आम्लाने विरतो, म्हणून घाम, लिंबू, अत्तर, केसांवरचे फवारे यांपासून जपायचा. सगळा साजशृंगार झाल्यावर शेवटी घालायचा आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवायचा. मऊ, किंचित ओलसर फडक्याने पुसायचा, सुती कापडात ठेवायचा, सोन्याच्या दागिन्यांशी घासू द्यायचा नाही. "आणि मुख्य म्हणजे घालायचा," ते म्हणाले. "बाई, हा लॉकरात ठेवायचा जिन्नस नव्हे."

पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती लागलेल्या सावकारी पत्रात विश्वासराव आणि भाऊसाहेब यांच्यासाठी मोत्यांचीच खूण वापरली होती, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. गळणाऱ्या मोत्यांमागचा पदार्थधर्म मात्र कधी ध्यानात आला नव्हता.

पण आम्हांला बोचले ते वेगळेच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आम्ही दोघींनी आपापल्या महाविद्यालयांत त्यावर व्याख्याने दिली होती. टाळ्या मिळाल्या होत्या. त्या दिवशीही नथ लॉकरातच होती, आणि लॉकरवर आईच्या जोडीला आमच्यातल्या एकीचे नाव होते.

सराफांनी निस्तेज मोती बदलून देण्याची तयारी दाखवली. आईने साफ नकार दिला. गेलेले पाणी परत येत नाही हे त्यांनीच सांगितले होते, तरी ती म्हणाली, "असू दे तसेच." तन्मणी पटवेकऱ्याने नव्या रेशमात गाठवून दिला, दर दोन मोत्यांमध्ये बारीक गाठ मारून, म्हणजे पुन्हा धागा तुटला तरी सगळे मोती पांगणार नाहीत. खोडातला लाल खडा तेवढा पूर्वीसारखाच झळझळत होता. दगडच तो.

नथ आईने घालावी असा आम्ही हट्ट धरला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, भोक बुजलंय की नाकाचं." हे आम्हांला माहीत नव्हते. रोज तिच्या समोर बसून जेवणाऱ्या धाकटीलाही नाही. नातीने लगेच तोड काढली, नथीला चाप बसवून घेऊ. आजीने तिच्याकडे असे पाहिले की तो विषय तिथेच थांबला.

लग्नात आईने तन्मणी घातला. अत्तराची कुपी पुढे आली तेव्हा तिने ते मनगटाच्या आत लावून घेतले, गळ्याला लावू दिले नाही. हे तिला सराफांनी सांगितले नव्हते, आम्हीही नाही.

नथ आता लॉकरात नाही. आईच्या टेबलाच्या खणात, तिच्या जुन्या मलमलीच्या तुकड्यात असते. परवा संध्याकाळी आम्ही खोलीत शिरलो तेव्हा आई आरशासमोर उभी होती, नथ नाकपुडीशी धरून. चाहूल लागताच हात खाली आला.

"खिडकीशी बघत होते," ती म्हणाली, "काही पाणी उरलंय का."