ऐकणारी कलम

आमच्या घरात कलमेला मोठा मान. अब्बा जेमतेम चौथीपर्यंत उर्दू शिकलेले, आयुष्यभर शिलाई मशीनवर बसलेले. पण जमिनीवर पडलेली पेन्सिल दिसली की उचलून आधी कपाळाला लावायचे. मी बी.एड. झाले तेव्हा त्यांनी मला शाईची कलम आणून दिली होती. त्याच घरात मी एक दिवस अशी कलम घेऊन आले, जी लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती. त्या कलमेने आमच्या घरात काय केले ते सांगण्यासाठी हा लेख.

मी मलकापूर तालुक्यातल्या एका खासगी उर्दू शाळेत शिकवते. सुरुवातीची कित्येक वर्षे बिनपगारी. विनाअनुदानित शाळा म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. दर घरात नाही तरी दर मोहल्ल्यात एक तरी बी.एड., डी.एड. झालेली मुलगी 'उद्या अनुदान येईल' या आशेवर खडू झिजवते आहे. आमच्या शाळेला वीस टक्क्यांचा टप्पा मिळाला आणि माझ्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव वर गेला. तिथे तो थांबला. कागदात त्रुटी नव्हती. एक मधला माणूस आला आणि शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहून म्हणाला, "मॅडम, एक लाख. सगळ्यांचाच असतो. आधी पंचवीस द्या, बाकी ऑर्डर हातात आल्यावर."

मी घरी येऊन सांगितले. अब्बा काही बोलले नाहीत. भाईजानचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. तो म्हणाला, "देना नहीं. रेकॉर्ड कर." आणि त्याने ती कलम मागवून दिली. दीड हजाराच्या आतली वस्तू. खिशाला लावायची पट्टी, ती सरकवली की रेकॉर्डिंग सुरू, मधोमध उघडली की संगणकाला जोडायची पिन. वरून पाहाल तर साधे बॉलपेन. भाईजानने एकच बजावले, आधी तारीख-वेळ लाव. नाही लावली तर भलत्याच सालाची तारीख पडते, आणि मग खरे बोलणेही खोटे ठरते.

कोर्टाचे ज्ञान आमच्या घरात फक्त मामूंना. ते खामगावला वकिलांकडे कारकून होते. त्यांना फोन केला तर त्यांनी जुनी गोष्ट काढली. १९६० साली मुंबई महापालिकेतल्या शेख आडनावाच्या एका कारकुनाला नगरी आडनावाच्या गृहस्थाने लाच देऊ केली. कारकून सरळ माणूस. त्याने पोलिसांना कळवले. त्याच्या राहत्या खोलीत पुस्तकांच्या आड माइक ठेवला आणि टेपरेकॉर्डर आतल्या खोलीत, पोलिसांजवळ. देणारा आला, बोलला, पैसे दिले आणि अडकला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६७ साली निकाल लागला की असे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालते. प्रसंगाचा फोटो चालतो तसेच. आरोपी आपखुशीने बोलला, त्याच्यावर जबरदस्ती झाली नाही. भिंतीपलीकडे कान आहेत हे त्याला माहीत नव्हते एवढ्याने पुरावा बाद होत नाही. मात्र टेप पुसता येते, जोडता येते, म्हणून न्यायालयाने सावध राहिले पाहिजे, असेही त्याच निकालात आहे. ती टेप मोहोरबंद केलेली नव्हती, यावरही तिथे बोट ठेवले गेले.

"म्हणजे," मामू म्हणाले, "यंत्रावर भरवसा ठेव, पण यंत्राला गवाह समजू नको. गवाह माणूसच असतो."

तेव्हा मला त्या बोलण्याचे वजन कळले नाही.

गुरुवारची संध्याकाळ होती. कलम चालते की नाही हे पाहायला मी ती बैठकीतल्या अलमारीवर ठेवली, पट्टी सरकवली आणि मगरिबच्या नमाजसाठी आत गेले. मग स्वयंपाक, वह्या तपासणे. विसरूनच गेले. रात्री साडेदहाला आठवण झाली तेव्हा फाईल काढून कानाला लावली. पंख्याचा आवाज, बशांचा आवाज, रस्त्यावरून गेलेली मोटारसायकल. आवाज स्वच्छ येतो म्हणून मी खूश झाले. आणि मग अब्बांचा आवाज आला, हळू, अम्मीशी बोलताना:

"शनिवार कोच दे दिया मैंने. पच्चीस. छोटी को मत बोल."

अम्मी रडत होती. अब्बांची मोटरची मशीन 'रिपेरीला' गेली आहे असे मला सांगितले होते. ती विकली होती. वर बकरी ईदसाठी पाळलेले दोन बोकड.

मी किती वेळ तशीच बसले होते, आठवत नाही. दुसऱ्याची चोरी पकडायला आणलेल्या यंत्राने माझ्याच बापाला पकडले होते. आणि चोरून ऐकणारी मी होते.

शिक्षिका म्हणून मी मुलांना सूरह हुजुरातचा अर्थ कितीदा सांगितला आहे: एकमेकांच्या पाळतीवर राहू नका, पाठीमागे निंदा करू नका. तजस्सुस हा शब्द मी फळ्यावर लिहिलेला आहे. तो माझ्यासाठी आहे असे कधी वाटले नव्हते. पण तोच कुराण सूरह निसामध्ये सांगतो की न्यायासाठी उभे राहा, गवाही द्या, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या विरुद्ध का असेना. हेही मी शिकवते. दोन्ही आज्ञा एका रात्रीत, एका इअरफोनमधून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

पहाटे मामूंना फोन केला. ते आधी गप्प झाले आणि मग एकदम म्हणाले, "आज कौनसा दिन है?" भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, ती तेव्हा मला कळली. लाच देणे हाही आता गुन्हा आहे. मात्र ज्याला द्यायला भाग पाडले, त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तर त्याला ते कलम लागत नाही. अब्बांनी शनिवारी दिले होते. आज शुक्रवार, सहावा दिवस.

अब्बा फजरची नमाज पढून आले. मी त्यांच्यासमोर कलम ठेवली आणि सगळे सांगितले. आधी माझी चूक सांगितली, मग त्यांची. मला वाटले, ते चिडतील. ते कलमेकडे बघत राहिले. सवयीने उचलली, पण कपाळाला लावली नाही.

"तेरी अम्मी का रोना भी है इस में?"

"हौ अब्बा."

"वो मिटा दे. जो मैंने किया, वो मैं मुँह से बोलूँगा."

मी त्यांच्यासमोर ती फाईल पुसली. मामूंना हे कळले तेव्हा ते रागावले. हाती आलेला पुरावा कोणी पुसतो का, म्हणाले. कायद्याच्या हिशेबाने ते चूक नसतील. पण तो आवाज पुरावा म्हणून घेतलेला नव्हता. नवरा-बायकोचे बोलणे घरातली अमानत असते. त्यातला जो भाग जगासमोर यायला हवा होता, तो सांगायला अब्बा स्वतः तयार होते.

मलकापूरहून एसटीने मोताळा, मग राजूर घाट चढून बुलढाणा. घाटात अब्बा एकदाच बोलले: "मैं समझा, तेरा भला हो रहा." जुमा आम्ही बुलढाण्यातच केला, मी बाहेर थांबले, ते पढून आले. मग लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कार्यालयात गेलो. अब्बांनी जबाब दिला. कुठे विकली मशीन, कोणाला दिले पैसे, कुठे उभे राहून दिले. सही करताना त्यांनी आपले नाव उर्दूत लिहिले.

तिथल्या अधिकाऱ्यांनी माझी कलम पाहिली आणि बाजूला ठेवली. त्यांची पद्धत वेगळी. तक्रार आली की आधी पडताळणी. त्यांचा स्वतःचा रेकॉर्डर, सोबत पंच, आणि मागणी पुन्हा समोरच्याच्या तोंडून यायला हवी. मागणी सिद्ध झाली तर सापळा: नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर, आणि घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी. रसायनशास्त्राच्या तासाला मी हाच प्रयोग मुलांना करून दाखवते.

पडताळणीच्या दिवशी मधला माणूस आला. पावसाचे विचारले, अब्बांच्या तब्येतीचे विचारले. पैशाचा 'प'सुद्धा काढला नाही. कुठून कसा सुगावा लागला, अल्ला जाणे. सापळा झाला नाही. आमचे पंचवीस हजार आजवर परत आलेले नाहीत. आठ महिन्यांनी माझ्या फाईलवर सही झाली. का झाली, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तसे वाचत गेले. छुप्या कॅमेऱ्याने या देशात मोठी कामे केली आहेत. २००५ साली संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना खासदार कॅमेऱ्यात दिसले आणि त्या डिसेंबरात अकरा जणांचे सदस्यत्व गेले. त्यातले दोन आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले, जळगाव आणि एरंडोलचे. पण दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, दिल्लीतल्या एका सरकारी शाळेच्या शिक्षिकेवर एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले की ती विद्यार्थिनींना वाममार्गाला लावते. जमाव शाळेवर चालून गेला. भर रस्त्यात त्या बाईला मारहाण झाली, कपडे फाडले गेले. नोकरी गेली, अटक झाली. आणि मग उघडकीला आले की चित्रणातली 'विद्यार्थिनी' विद्यार्थिनी नव्हतीच. सगळा बनाव होता. वाहिनी एक महिना बंद ठेवली गेली. एक महिना! त्या शिक्षिकेच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते तेव्हा हातातली कलम जड वाटू लागते.

म्हणूनच कायदा या यंत्रांना आंधळेपणाने मानत नाही, हे बरे आहे. आपल्या शेजारच्या जालन्याचाच खटला घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज तीन वाजण्याच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा म्हणून आले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर ठीक, पण नक्कल द्यायची असेल तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. त्यात फाईलची 'हॅश' संख्याही नोंदवायची. ही संख्या म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. आतला एक क्षण जरी कापला तरी ठसा बदलतो.

पण कायदा एका गोष्टीचा हिशेब ठेवत नाही. माझ्या तक्रारीची बातमी शाळेत पोचली आणि स्टाफरूम बदलली. मी आत गेले की बोलणे थांबायचे. कोणी गमतीने म्हणायचे, "मॅडम, पेन चालू है क्या?" हसायचे सगळे, मीही हसायचे. पण कोणी काही बोलायचे नाही. आमच्या एक मोठ्या बाजी आहेत. घरातले दुःख त्या माझ्याजवळ मोकळे करायच्या. एक दिवस माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझ्या पर्समधून दिसणारे पेन काढून टेबलाच्या खणात ठेवले, खण लावला आणि मग रडल्या. ते साधे पेन होते. ऐकणारी कलम मी तेव्हा घरी कपाटात ठेवलेली होती. मी त्यांना तसे सांगितले नाही. त्यांचा विश्वास परत यायला पेन खणात जाणे गरजेचे असेल, तर जाऊ दे, असे वाटले.

गेल्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यातली एक शिक्षिका आली, वयाने माझ्याहून लहान. तिच्या शाळेत पगार खात्यात जमा झाला की अर्धा काढून परत द्यावा लागतो. आणि रक्कम मागणारा माणूस इतर गोष्टीही मागू लागला आहे. ती माझ्याकडे कलम मागत होती. अब्बा बैठकीत होते. नवी मशीन अजून घेणे झालेले नाही. हातमशीनवर ते शेजाऱ्याचा सदरा शिवत होते.

मी कपाटातून कलम काढून तिला दिली. सांगितले की तारीख-वेळ आधी लाव. फाईल कापू नको, मूळ तशीच ठेव, कलमही सांभाळ. कोणाला पाठवू नको, ग्रुपवर टाकू नको; १०६४ ला फोन कर किंवा सरळ बुलढाण्याला जा. आणि तो माणूस समोर नसेल तेव्हा पट्टी बंद ठेव.

अब्बांनी मशीन थांबवली. म्हणाले, "और बेटा, घर में पहले सब को पूछ लेना, किसी ने कुछ दिया तो नहीं."

ती समजली नाही. मी समजले.