वाट न बघणारं सॅलड

अमेरिकेतल्या मराठी घरांत मेक्सिकन जेवण लवकर रुळतं, आणि त्याचं कारण शोधायला फार अक्कल लागत नाही. घेवडा, कांदा, टोमॅटो, जिरं, कोथिंबीर, लिंबू, हिरवी मिरची... यातलं अनोळखी काय आहे? आमच्याकडे गेली दहा-बारा वर्षं बहुतेक रविवारी दुपारी टाको सॅलड असतं. पोळ्या लाटायचा कंटाळा हे खरं कारण. उगाच पौष्टिक वगैरे म्हणून भाव खात नाही.

आधी थोडा इतिहास. (फक्त कृती हवी असेल त्यांनी खुशाल पुढे उडी मारावी.) मेक्सिकोतल्या जुन्या घरगुती स्वयंपाकात टाको सॅलड सापडत नाही, ते अमेरिकेतलं अपत्य. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा तिथल्या 'कासा दे फ्रीतोस' या उपाहारगृहात मक्याच्या कुरकुरीत वाटीत सारण भरून द्यायचे. या सॅलडचं मूळ बरेच जण तिथे शोधतात.

पण मला गंमत वाटते ती सामानाची. मका, टोमॅटो, मिरची, घेवडा, अवाकाडो हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. जिरं, कोथिंबीर, कांदा, लिंबू, चीज ही मंडळी कोलंबसानंतर जहाजातून तिकडे गेली. मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांबरोबर. म्हणजे वाटीतलं अर्धं सामान तिकडून इकडे आलं आणि अर्धं इकडून तिकडे गेलं. आपली मिसळही याच देवघेवीतून झालेली आहे, फक्त आपण तिला परदेशी म्हणत नाही.

आता कृती. पाच माणसांसाठी दीड वाटी काळा घेवडा (इथे ब्लॅक बीन्स म्हणतात) रात्रभर भिजवायचा, पाणी बदलायचं आणि कुकरला चार-पाच शिट्ट्या काढायच्या. राजमा घेतलात तरी चालेल, पण तो नीट उकळूनच शिजवा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं आणि मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये ते जात नाही. कढईत तेल, लसूण, भाजून कुटलेलं जिरं, लाल तिखट, त्यावर शिजलेला घेवडा. थोडा चेचायचा म्हणजे मिळून येतो. नवऱ्यासाठी याच मसाल्यात चिकनचा खिमा वेगळा.

चार टोमॅटो, एक कांदा, एक हालापेन्यो मिरची, भरपूर कोथिंबीर, सगळं बारीक चिरून लिंबू पिळायचं. मीठ मात्र अगदी शेवटी, नाहीतर टोमॅटोला पाणी सुटून तळं होतं. मक्याचे दाणे कोरड्या तव्यावर काळे ठिपके पडेपर्यंत भाजायचे. लेट्यूस धुऊन पंचावर पसरून अगदी कोरडं करायचं. इथे आळस केलात तर पुढचं सगळं फुकट! अवाकाडो आयत्या वेळी कापून लगेच लिंबू लावायचं, म्हणजे काळा पडत नाही. सावर क्रीमऐवजी मी दह्याचा चक्का ठेवते. किसलेलं चीज आणि टॉर्टिया चिप्स. सगळं वेगवेगळ्या भांड्यांत टेबलावर मांडायचं, ज्याने त्याने आपलं ताट रचायचं. खाली लेट्यूस, मग घेवडा, मग बाकीचं, चिप्स चुरून सगळ्यात वर. आणि लगेच खायचं. पाच मिनिटांत चिप्स मऊ पडायला लागतात.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण सासूबाई.

त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सासरे गेल्यानंतर सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की त्या आमच्याबरोबर जेवत नाहीत. "तुम्ही बसा गं, मी गरम पोळी वाढते." मी तव्याजवळ गेले तर आमटी वाढायला उभ्या. सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्या-उभ्याच उरलेल्यावर जेवण. पन्नासहून जास्त वर्षांची सवय. नवऱ्याने चिडून सांगून पाहिलं, मी गोड बोलून पाहिलं. "हो हो, उद्यापासून," म्हणायच्या.

पहिल्या रविवारी त्यांनी एक टॉर्टिया चिप हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "अगं, मक्याला चुना लावलाय का?" मी थक्क! जन्मभर विडे लावलेलं नाक. खरंच, मेक्सिकोत हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. त्याने टरफल सुटतं, पीठ चिकट होऊन पोळी लाटता येते, आणि मक्यातलं बांधलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका जगभर गेला पण चुन्याची रीत मागे राहिली. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात, गरीब लोक मक्यावरच जगत तिथे, पेलाग्रा रोगाने हजारो माणसं गेली. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "रीत कशासाठी आहे ते विचारून मगच सोडावी."

मग सगळे टेबलाशी बसलो आणि त्या डाव घेऊन खुर्चीमागे उभ्या. वाढायला काहीच नाही! लेक म्हणाली, "आजी, तू बसल्याशिवाय आम्ही सुरू नाही करणार, आणि चिप्स मऊ पडतायत."

"माझे पडू देत. मला दात कुठे आहेत?"

"आमचे पण पडतायत."

सगळ्यांचं अन्न आपल्यामुळे खराब होतंय, हे काही त्यांना सोसवेना. "म्हणजे भेळच की ही," असं पुटपुटत बसल्या. त्या दिवशी आम्ही सगळे बरोबर जेवलो आणि बरोबर उठलो. रात्री वाईला बहिणीशी फोनवर बोलताना ऐकलं, "इथं रविवारी वाढायचं नसतं. आपलं आपण घ्यायचं. मी पण बसते." चवीबद्दल अवाक्षर नाही!

पोळी-भाजीच्या दिवशी मात्र त्या शेवटपर्यंत तव्याजवळच राहिल्या. मला तेव्हा कळलं की आम्ही इतके दिवस त्यांच्या स्वभावाशी भांडत होतो. गरम पोळी ताटात पडायची तर कोणीतरी उभं राहावंच लागतं. मग ते कोण, हे घरोघरी ठरलेलं असतं. तेव्हापासून पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, असा नियम मी स्वतःपुरता केलाय. नवरा कुरकुरतो. कुरकुरू दे, नाहीतर त्याने उभं राहावं.

सासूबाई आता परत वाईला असतात. मागच्या महिन्यात फोनवर सांगत होत्या, की त्यांनी पुतण्याच्या घरी वाटाणा, काकडी, टोमॅटो आणि भाजलेले पापड असं "ते तुमचं" केलं. पापड शेवटी चुरायचे, सगळे बसल्यावर, हेही सुनेला बजावून सांगितलं म्हणे.

तुमच्याकडे आहेत का असे पदार्थ, सगळ्यांना एकदम बसवणारे? भेळ मी धरलेली आहे, ती सोडून सांगा.